गुडघ्याचं कुलूप

मामाचं लग्न एकदाचं झालं, त्याच वर्षी थोरलीचा उजवा गुडघा गेला. मामा तेव्हा चाळिशी ओलांडून बसला होता. घरच्यांनी त्याच्या लग्नाचा विषय काढणंसुद्धा सोडून दिलं होतं, आणि अचानक औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईंनी त्याला होकार दिला. "चष्मा लावून बघितलं होतं ना तिने?" असं जो तो विचारायचा. घरात हसण्याखिदळण्याला नुसता ऊत आला होता. थोरलीच्या गुडघ्याने ते हसणं एका दुपारीत बंद पाडलं.

माई ही मामाची मोठी बहीण. नवरा वारल्यावर थोरली आणि धाकटी अशा दोन मुली पदरात घेऊन ती माहेरच्या लाँड्रीत परत आली आणि तेव्हापासून बहीणभाऊ मिळून ती चालवत होते. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे नुसत्या लाकडी फळ्या. वर कुणी चमचा पाडला तरी खाली कळायचं. धुणं, पिळणं, वाळवणं मामाकडे, इस्त्री माईची. सकाळी ती टेबलापाशी उभी राहिली की जेवायलाच बसायची.

एवढा वेळ उभं राहायची त्या घराची एक खास रीत होती. माईच्या वडिलांनी ती पोरांना लहानपणीच शिकवली होती. गुडघे मागे ढकलायचे, पार मागे, अडकेपर्यंत. एकदा ते अडकले की मांड्यांना काही काम उरत नाही, अंग आपोआप तोलून राहतं. घरात ह्याला 'कुलूप लावणं' म्हणायचे. टेबलापाशी कुणी चुळबुळ केली की वडील ओरडायचे, "कुलूप लाव की!" माईनेही आपल्या दोन्ही मुलींना शाळेत घालायच्या आधी कुलूप लावायला शिकवलं. बाकीच्यांचे गुडघे सरळ होऊन थांबतात, ह्यांचे त्याच्याही मागे जायचे. बाजूने पाहिलं तर पाय धनुष्यासारखे वाकलेले दिसत. ह्याचा सगळ्यांना अभिमानच होता. आपलं घराणं ताठ, असं मामा छाती काढून सांगायचा.

मामी लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात येऊन थबकली. टेबलापाशी माई, तिच्या शेजारी घड्या घालणारी धाकटी, दाराशी मामा, तिघंही एका ओळीत.

"अगं बाई," ती म्हणाली, "तुम्ही सगळे असे उलटे का उभे आहात?"

"उलटे नाही, सरळ," मामा म्हणाला.

"ह्याला सरळ म्हणतात होय? तुमचे गुडघे पाठीमागून उघडतात की काय?"

सगळे पोट धरून हसले. मामीही हसली. त्या दिवशी विषय तिथेच संपला.

थोरली तेव्हा कॉलेजात होती आणि व्हॉलीबॉलच्या संघात होती. धाकटी शाळेतली, पण उंचीने बहिणीच्या खांद्याच्या वर गेलेली, आणि नुकतीच त्याच मैदानावर जायला लागलेली. मुलींना शिकवणाऱ्या बाईंना सगळं गाव शिटीबाई म्हणायचं. भाजी आणायला गेल्या तरी त्यांच्या गळ्यात शिटी असायची.

त्या दुपारी थोरली चेंडू मारायला उंच उडाली. चेंडू पलीकडे बरोबर पडला, गुण मिळाला, मैत्रिणी ओरडल्या. ती मात्र एका पायावर उतरली, पाय काठीसारखा ताठ, आणि गुडघा आत वळला. कुणाचा धक्का नाही, कुणाचा पाय नाही. आतून टक् असा आवाज आला तो जवळच्या मुलींनाही ऐकू गेला. शिटीबाईंनी तिला स्वतः उचलून रिक्षात घातलं.

हॉस्पिटलच्या आवारात मामाच्या तोंडाचा पट्टा सुटला. मैदानात खड्डे आहेत, बूट फालतू आहेत, पोरींना घोड्यासारखं पळवता, तुम्हाला कप हवेत, आमच्या पोरीचं काय! येणारेजाणारे थांबून बघायला लागले. शिटीबाई थोरलीचे बूट हातात धरून भिंतीशी उभ्या राहिल्या. माईनेही भावाला आवरलं नाही. तिला तेव्हा कुणावर तरी रागवायचंच होतं.

ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याच्या मधोमध मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांना बांधून ठेवणारी एक दोरी असते, लिगामेंट, ती पूर्ण तुटली आहे. शिवता येणार नाही, मांडीमागच्या स्नायूचा कंडरा काढून त्याची नवी दोरी बसवावी लागेल. ती त्यांनी बसवलीही, आणि नीट बसवली. पुढचे कितीतरी महिने पायाला ताकद आणायचं काम ज्यांच्याकडे सोपवलं त्या बाईंना घरात सगळे गुडघेवाल्या बाई म्हणू लागले. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आणि हसता हसता घाम काढणाऱ्या.

थोरली पहिल्यांदा त्यांच्याकडे गेली तेव्हा सोबत माई, मामा आणि धाकटी असं सगळं लटांबर होतं. खोलीत खुर्च्या कमी. माई सवयीप्रमाणे भिंतीशी उभी राहिली. बाई थोरलीचा पाय हातात घेऊन वाकवत होत्या, पण त्यांची नजर भलतीकडेच होती.

"आई, तुम्ही जरा तशाच उभ्या राहा बघू."

"माझ्या पायाला काही झालेलं नाही हो. पेशंट ती आहे."

"माहीत आहे मला. हलू नका."

बाई उठल्या, माईच्या बाजूला जमिनीवर बसल्या आणि तिच्या गुडघ्यांकडे बाजूने, समोरून, मागून बघू लागल्या. माईला कसंसंच झालं. आजवर तिच्या गुडघ्यांकडे एवढं निरखून कुणी पाहिलं नव्हतं.

"असं कधीपासून उभ्या राहता?"

"लहानपणापासून. आम्ही कुलूप लावतो."

"काय लावता?"

मग मामाने उभं राहून प्रात्यक्षिक दिलं. शिवाय अंगठा वाकवून मनगटाला टेकवूनही दाखवला. त्याचा हा खेळ लग्नकार्यात पोरांना फार आवडायचा. "आणि हे बघा," असं म्हणत तो वाकला आणि गुडघे न मोडता दोन्ही तळवे जमिनीला टेकवले.

"वा," बाई म्हणाल्या. "आता हे सगळं धाकटीला जमतं का?"

धाकटीला सगळं जमलं. मामापेक्षा सोपं जमलं. मामाने टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत.

त्यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा गुडघा जवळ घेतला आणि सगळ्यांना गोळा करून समजावून सांगितलं. मांडीच्या हाडाला खाली मधे एक खाच असते, दोरी त्या खाचेतून जाते. कुणाची खाच रुंद, कुणाची अरुंद. थोरलीची फोटोत अरुंद दिसते. नडगीच्या हाडाचा माथा काहींचा सपाट, काहींचा मागच्या बाजूला उतरता. उतार जास्त असला की उडी मारून उतरताना नडगी पुढे घसरायला बघते आणि सगळा ताण त्या दोरीवर येतो. थोरलीचा उतार जास्त आहे. त्यात सांधे सैल, गुडघे मागे जाणारे, चालताना जरा आत झुकणारे, पावलं सपाट.

"एकेक गोष्ट फार मोठी नाही," बाई म्हणाल्या. "पण इथे सगळ्या एकत्र भेटल्यात."

माईने थोडा विचार केला. "आमच्या इस्त्रीची वायर टेबलाच्या कडेला घासते. रोज त्याच जागी. एक दिवस तिथेच तुटते. तसं का?"

"अगदी तसं नाही. तुमच्या मुलीची दोरी एका झटक्यात तुटली. पण कड धारदार असली की झटका कमी पुरतो, एवढं मात्र खरं."

"म्हणजे हे माझ्याकडून गेलं तिच्यात."

"हाडं तुमच्याकडून गेली. डोळेसुद्धा तुमच्याकडूनच गेलेत, दिसतंच आहे. डोळ्यांबद्दल कधी वाईट वाटून घेतलंत का?"

मामाची मान मात्र हळूहळू खाली गेली होती. मैदानातले खड्डे, बूट, सगळं त्याला आठवत असणार.

"आणि हिचं?" माईने धाकटीकडे बोट केलं.

बाईंनी खोटा धीर दिला नाही. "बहिणीचं गेलं की बहिणीलाही धोका इतरांपेक्षा जास्त असतो. हिचे सांधे थोरलीहून सैल आहेत. होईलच असं नाही. पण मी डोळे झाकून 'खेळ' म्हणणार नाही."

माईला एवढं पुरेसं होतं. घरी पोचल्यावर दुकानाचं दार उघडता उघडता ती म्हणाली, "उद्यापासून मैदान बंद."

धाकटीने आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग तिचा आवाज चढला. "माझा गुडघा धडधाकट आहे! मोडला तिचा आणि घरात मला बसवतेस?"

"हो."

"का पण?"

"कारण एका पोरीला मी पायरी चढताना रडताना बघतेय. दुसरीला बघायचं माझ्यात बळ नाही."

"मग तुझ्या बळासाठी मी आयुष्यभर घड्या घालू?"

"घाल. घड्या घालून कुणाचा गुडघा तुटत नाही."

धाकटी पाय आपटत वर गेली. फळ्या दणाणल्या. त्यानंतर घरात जेवणं व्हायची, कपडे व्हायचे, बोलणं मात्र थोरलीमार्फत. "तिला सांग, मीठ दे." "तिला सांग, हातांनी घे." थोरली कुबडी शेजारी ठेवून दोघींच्या मधे बसायची. "माझा पाय बरा होईल गं," ती एकदा मामीला म्हणाली, "पण ह्या दोघींचा निरोप्या होऊन माझं डोकं जाईल."

अशात एका सकाळी शिटीबाई दुकानात आल्या. हातात संघाच्या कपड्यांचं गाठोडं. दर महिन्याला त्या तेच घेऊन यायच्या. हॉस्पिटलच्या आवारात एवढं ऐकून घेतल्यावर दुसरी कुणी असती तर पलीकडच्या गल्लीतल्या लाँड्रीत गेली असती. मामा त्यांना बघताच मागच्या न्हाणीत पसार झाला आणि नळ जोरात सोडून बसला.

"बसा," माई म्हणाली.

"बसायला नाही आले. कपडे द्यायला आलेय." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "धाकटीला पाठव असं सांगायलाही आले नाही. पोर तुझी आहे. पण थोरलीने मला सगळं सांगितलं, खाच, उतार, सगळं. तेव्हापासून मी मैदानावर उभी राहते आणि मला फक्त गुडघे दिसतात. कुणाचे आत वळतात, कुणाचे मागे जातात. इतकी वर्षं मी पोरींना वर कसं जायचं ते शिकवलं. खाली तर काय, त्या येतातच, असं धरून चालले होते." त्यांनी गाठोडं टेबलावर ठेवलं. "त्या गुडघेवाल्या बाई मला शिकवतील का गं? माझी ओळख नाही त्यांच्याशी. तू विचारशील?"

माई इस्त्री हातात धरून बघत राहिली. तिच्या मनात आलं, ही बाई माझ्याकडे काहीतरी मागायला आलीये, आणि तेही दुसऱ्यांच्या पोरींसाठी. एका शर्टाची कॉलर करपली तेव्हा कुठे ती भानावर आली.

"विचारते," ती म्हणाली. "आजच विचारते."

गुडघेवाल्या बाई आनंदाने आल्या. संध्याकाळी मैदानावर सगळ्या मुलींना ओळीत उभं करून त्यांनी एकेकीला उडी मारायला लावली आणि चेंडू बाजूला ठेवायला सांगितलं. दोन्ही पायांवर उतरायचं. आधी चवडे, मग टाचा. गुडघे वाकलेले, पावलांच्या रेषेत, आत अजिबात नाही. कंबर मागे, जणू मागे स्टूल आहे. आणि उतरल्याचा आवाज येता कामा नये. आवाज आला म्हणजे हाडांनी दणका खाल्ला, आवाज नाही आला म्हणजे स्नायूंनी तो झेलला. खाच रुंद करता येत नाही, उतार बदलत नाही, पण स्नायू शिकवाल ते शिकतात. शिटीबाई सर्वांत पुढे उभं राहून स्वतः उड्या मारत होत्या, शिटी छातीवर आपटत होती, आणि मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. थोरली कट्ट्यावर बसून ओरडायची, "गुडघा आत! तुझा, तुझाच!" तिला ते दुरूनही दिसायचं.

माई कुंपणापाशी उभी राहून हे बघत होती. शेजारी धाकटी. दोघी अजून बोलत नव्हत्या.

"तुला उतरता येईल असं?" माईने समोर बघतच विचारलं.

धाकटीला क्षणभर थोरलीकडून उत्तर पाठवावंसं वाटलं असणार. पण ती म्हणाली, "येईल."

"मग ऐक. वर खोलीत स्टुलावरून उतरायचं. मी खाली इस्त्री करत असेन. मला जोवर ऐकू येतंय तोवर सामना नाही. ऐकू येणं बंद झालं की जा."

"त्या फळ्यांवर? मांजर चाललं तरी कळतं तिथे!"

"तेच म्हणतेय मी."

तेव्हापासून दुकानात नवीनच कारभार सुरू झाला. वर धप्प व्हायचं, खाली माई काठीने छताला ठोकायची. धप्प, ठक. धप्प, ठक. गिऱ्हाइकं विचारायची, वर काय चाललंय? मामी म्हणायची, "मायलेकी गप्पा मारतायत."

गुडघेवाल्या बाईंनी माईलाही सोडलं नव्हतं. तुम्ही रोज त्या पोरींसमोर कुलूप लावून उभ्या राहिलात तर त्या काय शिकतील, असं त्यांनी विचारलं होतं. मग माईने गुडघे किंचित सैल ठेवून उभं राहायला सुरुवात केली, आणि पहिल्या आठवड्यातच तिच्या मांड्या पेटल्या. आजवर त्या बिनकामाच्या होत्या, आता एकदम कामाला जुंपल्या. ती विसरली की थोरली घड्या घालता घालता म्हणायची, "माई, कुलूप!" माई दचकून गुडघे सोडायची आणि पुटपुटायची, "तुझ्या आजोबांनी ऐकलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं." पण महिन्याभराने तिच्या लक्षात आलं की कंबरेचं ते जुनं दुखणं, जे ती वयाच्या नावावर खपवत होती, ते कुठेतरी निघून गेलंय. ती कुणाला बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गुडघेवाल्या बाईंचे पांढरे कोट मात्र तिने असे कडक करून दिले की ते टेबलावर आपोआप उभे राहतील.

धप्पचं हळूहळू धप झालं, मग नुसतं पुसट काहीतरी. एके दिवशी दुपारी माईने इस्त्री करता करता कान दिला तर वर काहीच नाही. तिने वाट पाहिली. काहीच नाही. तिला वाटलं, गेली कार्टी मागच्या जिन्याने मैत्रिणीकडे. तिने इस्त्री उभी केली आणि तावातावाने जिना चढली.

धाकटी स्टुलावर उभी होती. केस घामाने कपाळाला चिकटलेले. माईला दारात बघूनही ती थांबली नाही. उडी मारली, उतरली, गुडघे वाकले, पावलांच्या वर सरळ, जरासुद्धा आत नाही. पुन्हा चढली. पुन्हा उतरली. घरात माईच्या धापेखेरीज कसलाही आवाज नव्हता.

"कधीपासून करतेयस?"

"जेवण झाल्यापासून."

माई जिन्याच्या वरच्या पायरीवरच बसली. ज्या पोरीला आपण घरात कोंडायला निघालो होतो तिने हे सगळं गुपचूप, न कुरकुरता केलं होतं. आणि शेजारच्या खोलीत थोरली पाय उचलत, ठेवत, उचलत होती. तिचा गुडघा गेला नसता तर ह्यातलं कुणालाच काही कळलं नसतं.

"जा," ती शेवटी म्हणाली. "सामना खेळ."

सामना बंदिस्त हॉलमध्ये होता. माईने पूर्ण वेळ थोरलीचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बोटांवर वळ उठले. मधेच नेटपाशी धाकटी दुसऱ्या एका मुलीच्या पायावर उतरली. हॉलमध्ये एकच हाय उठली. धाकटी गुडघे वाकवून खाली बसली, बाजूला लोळली, आणि लगेच उठून हात झटकत जागेवर गेली. माईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

त्यांचा संघ हरला, चांगला सडकून हरला. धाकटी तोंड पाडून आली तर माईचा चेहरा आनंदाने फुललेला.

"माई, हरलो आम्ही!"

"हो ना गं, हरलात."

"मग हसतेस काय?"

"चालत आलीस ना. दोन्ही पायांवर."

मामा इकडेतिकडे बघत शिटीबाईंपाशी गेला. "बाई, त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मी जरा बोललो..."

"जरा?" मामी मागून म्हणाली.

"बरंच बोललो," मामा म्हणाला.

"खड्ड्यांचं खरं होतं," शिटीबाई म्हणाल्या. "मी बुजवून घेतले."

माईला त्यांचे आभार मानायचे होते. घरून निघतानाच तिने वाक्य ठरवून ठेवलं होतं. ते वाक्य तिला ऐनवेळी आठवेना, म्हणून तिने शिटीबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि तशीच उभी राहिली. शिटीबाईंनीही हात सोडवले नाहीत.

धाकटी पुढे कितीतरी वर्षं खेळली आणि तिचे दोन्ही गुडघे अजून शाबूत आहेत. थोरली पुन्हा सामन्यात उतरली नाही. तिने शिकवायला घेतलं, आधी शिटीबाईंच्या हाताखाली, मग एकटीने. त्या मैदानावर आजही मुली आधी उतरायला शिकतात. थोरलीने मैदान हातात घेतलं त्याच्या दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरच्या अखेरीस, शिटीबाई हृदयविकाराच्या झटक्याने घरीच वारल्या. त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या.